घणावरची बाई

विहिरी आटल्या की लोहाराच्या घरी काम वाढतं. त्या वर्षी पाणी खाली गेलं तसे लोक पाण्यामागे खाली गेले, आणि थोडं खाली गेल्यावर सगळ्यांनाच खडक लागला. खडकावर पहारी बोथट होत, छिन्न्यांची टोकं उडत, टिकाव वाकत, आणि हे सगळं दिवस वर यायच्या आत लोहाराच्या दारात येऊन पडे. विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम फटफटीला आडव्या पहारी बांधून यायचा, दारातच त्या धाडधाड टाकायचा आणि म्हणायचा, "दादा, जग रडतंय आणि तुमची भट्टी हसतेय."

लोहार हसायचा नाही. एवढं काम त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि ते हातचं जाऊ नये याचीच त्याला धास्ती होती. मुलाने सडकेच्या फाट्यावर वेल्डिंगचं दुकान टाकल्यापासून भट्टीचं काम दोघांवरच होतं. लोखंड धरायचा लोहार आणि घण मारायची त्याची बायको.

तिला सगळं गाव मामी म्हणायचं. लग्न होऊन आली त्याच साली सासऱ्याने तिच्या हातात घण दिला होता, तो अजून खाली ठेवला नव्हता. अंगाने रुंद, मनगटं पुरुषासारखी, उजव्या दंडावर ठिणग्यांचे पांढरे डाग. लोहार डाव्या हाताने सांडशीत लोखंड धरायचा आणि उजव्या हातातली छोटी हातोडी जिथे टेकवायचा, तिथे तिचा घण पडायचा. बोलायची गरज नसायची. लोखंड ऐरणीवर आलं की तो फक्त "हं" म्हणायचा.

पण गेली दोन-एक वर्षं मामी चोऱ्या करत होती. चोऱ्या म्हणजे आपल्याच अंगाच्या. नळावरून हंडा आणताना मध्येच चपलेचा अंगठा नीट करायला वाकायची आणि वाकलेलीच राहायची. चढाच्या वाटेने जायचं सोडून ती लांबच्या सपाट वाटेने जायला लागली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, तिकडे सावली आहे. भट्टीपुढे ती म्हणायची, "अजून तापू द्या." लोखंड जास्त तापलं की मऊ होतं, घाव कमी लागतात, आणि तेवढ्या वेळात उभं राहून श्वास घेता येतो.

"लोखंड जाळायला लावतेस तू," लोहार म्हणायचा. "अंगात आळस भरलाय."

तिलाही तसंच वाटायचं. आळस, नाहीतर वय. कधी छातीच्या मधोमध कुणीतरी घडी केलेलं पोतं ठेवल्यासारखं दडपायचं. ती गॅस झाला म्हणायची, गरम पाणी प्यायची आणि थोड्या वेळाने ते उतरायचं. एकदा नळावर डोळ्यांपुढे अंधार आला तेव्हा ती हंड्याशेजारीच खाली बसली होती. बायकांनी उन्हाला नावं ठेवली. तिनेही ठेवली.

त्या दिवशी ऊन पत्र्यावर नुसतं वाजत होतं. मुकादम दारात ओट्यावर बसला होता आणि पहारी आत्ताच्या आत्ता पाहिजेत म्हणून हटून बसला होता. खाली माणसं विहिरीत नुसती उभी आहेत, म्हणत होता. लोहाराने एकामागून एक पहार काढायला सुरुवात केली. मामी "तापू द्या" म्हणाली ते त्याने ऐकलं नाही.

"मामी दमल्या वाटतं," मुकादम म्हणाला.

"दमते कसली," लोहार म्हणाला. "हं."

मामीने घण वर नेला. वर नेल्याचं तिला आठवत होतं. पत्र्याच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसाही आठवत होता. पुढचं नाही. घण खाली आला, पण त्याच्या मागे ती नव्हती. तो सांडशीवर, सांडशी धरलेल्या हातावर पडला.

लोहार ओरडला तशी घरातून सून धावत आली. मुकादमाने उडी मारून लोहाराला धरलं, त्याच्या हातावर आपला रुमाल गुंडाळला, सुनेने मडक्यातलं पाणी त्यावर ओतलं. मामी ऐरणीच्या बाजूला कोळशाच्या चुऱ्यात गाल टेकून पडली होती. पदराच्या टोकाला ठिणगी लागून धूर यायला लागला तेव्हा सुनेचं लक्ष गेलं, आणि मडक्यात उरलेलं पाणी तिने तिथे ओतलं.

मामी उठून बसली. तोंडाला चुरा लागलेला. समोर नवरा हात छातीशी धरून कण्हत होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तू मारलंस," तो म्हणाला.

फाट्यावरून मुलगा जीप घेऊन आला. सरकारी दवाखाना मोठ्या गावात होता. मामीला कुणी चल म्हटलं नाही, पण नवऱ्याला धरायला माणूस हवं म्हणून ती मागे बसली. वाटभर त्याचा हात तिने मांडीवर घेतला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हाताचा फोटो काढला, दोन बोटं आणि मागचं हाड मोडलंय म्हणाली आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. घालताना विचारलं, "घण निसटला कसा?"

"हिचं लक्ष नव्हतं," लोहार म्हणाला.

"अंधारी आली," मामी म्हणाली.

डॉक्टरीण थांबली. "पहिल्यांदाच आली?"

मामीने पदराने गालावरचा चुरा पुसला. मग म्हणाली, "एकदा नळावर. ऊन होतं."

"दम लागतो?"

"वय झालं की लागतोच की."

डॉक्टरणीने हात पुसले, मामीला स्टुलावर बसवलं आणि नळी तिच्या छातीला लावली. वर लावली, खाली लावली, मानेपाशी लावली. श्वास धरा म्हणाली, सोडा म्हणाली. मग पुन्हा वर लावली. लोहाराला ते सहन होईना.

"अहो बाई," तो म्हणाला, "हात माझा मोडलाय."

"हात महिन्या-दीड महिन्यात भरून येईल," डॉक्टरीण म्हणाली. तिने मुलाला बोलावलं. "आईच्या हृदयात मोठा आवाज येतोय. झडपेचा असावा. शहरात नेऊन सोनोग्राफीसारखी तपासणी असते हृदयाची, ती करून घ्या. लवकर. तोवर यांना घण उचलू देऊ नका. काहीच जड नको."

मुलाने मान हलवली. परत येताना तो जीपवाल्याशी बोलत राहिला.

लोहाराच्या दारात पहारी तशाच येऊन पडत होत्या. गावातले धडधाकट गडी सगळे विहिरींवर, मजुरीने कुणी मिळेना. मुलाने कुरकुर करत दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचं ठरवलं आणि सांडशी धरली. घणावर सून उभी राहिली. ठरवलं कुणीच नाही. पहिल्या दिवशी मुलाने लोखंड बाहेर काढलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं, एवढंच झालं.

मामीला भट्टीला वारा घालायच्या पंख्यावर बसवलं. पंख्याचं चाक हाताने फिरवायचं असे. ते काही जड नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. लोहार गळ्यात हात अडकवून ओट्यावर बसायचा आणि येईल त्याला सांगायचा, "बायकोने मोडला." लोक हसायचे. कुणी म्हणायचं, इतक्या वर्षांचा राग एकदम काढला वाटतं मामींनी. मामी चाक फिरवत राहायची. तिच्याशी तो सरळ बोलत नव्हता. पाणी हवं असलं तर मुलाला सांगायचा, "तिला म्हणावं, पाणी दे."

सून बारीक चणीची होती. घण वर गेला की तीच त्याच्यामागे ओढली जायची. दोन दिवसांत तळहातांना फोड आले, फुटले, तिने चिंध्या गुंडाळल्या.

"खांद्यातून मारू नकोस," मामी पंख्यावरून म्हणाली. "पाय फाकवून उभी राहा. वर नेताना तुझा जोर, खाली येताना त्याचा. तू फक्त वाट दाखव."

"वाट दाखवतेय," सून म्हणाली. "तो ऐकत नाही."

"आणि दोन घावांच्या मध्ये श्वास घे. धरून ठेवू नकोस."

सुनेने पुढचा घाव श्वास सोडून मारला. पण त्या दिवसानंतर मामीकडे बघून तिचा चेहरा आंबायला लागला. भांडी आपटली जायला लागली. एकदा चूल पेटवता पेटवता ती तोंड न फिरवता म्हणाली, "तुम्ही बसलात आणि मला उभं केलंत."

मामी म्हणाली, "मला तरी कुणी विचारलं होतं?"

तपासणीचं कुणी नाव काढेना. मुलगा म्हणायचा, बघू, बाबांचं प्लास्टर निघू दे. शेवटी एका सकाळी सूनच लुगडं बदलून, केस नीट करून बाहेर आली आणि म्हणाली, "मी आत्यांना शहरात नेते. आज भट्टी बंद." लोहार ओट्यावरून काही तरी बोलला. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही चालायला लागली. मामी तिच्यामागे निघाली. एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिला तीनदा थांबावं लागलं. या वेळी तिने चपलेचं निमित्त केलं नाही.

अंधाऱ्या खोलीत तिला कुशीवर झोपवलं, छातीला गार मलम लावलं आणि एक मुलगी यंत्राचं तोंड बरगड्यांत रुतवत राहिली. पडद्यावर काहीतरी राखाडी उघडझाप करत होतं. मध्येच यंत्रातून आवाज आला, फाटक्या भात्यातून वारा सुटावा तसा. हा आपल्या आतला आवाज आहे हे तिला कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं.

हृदयाचे डॉक्टर मध्यम वयाचे होते, थकलेले दिसत होते. त्यांनी दोघींना समोर बसवलं.

"हृदयातून अंगभर रक्त जातं त्या वाटेवर एक झडप असते," ते म्हणाले. "तुमची झडप वयाने कडक झालीय, तिच्यावर चुन्यासारखे थर बसलेत. पूर्ण उघडायची ती आता फटीएवढी उघडते. हृदय जोर लावून लावून दमलंय. काम केलं की डोक्याला रक्त पुरत नाही, म्हणून चक्कर."

"गोळ्या द्या," मामी म्हणाली.

"गोळ्यांनी ही उघडत नाही. बदलावी लागते."

सून पुढे सरकली. "नाही बदलली तर?"

डॉक्टरांनी मामीकडे पाहिलं. "सांगू?"

"सांगा."

"त्रास सुरू व्हायच्या आधी माणसं वर्षानुवर्षं काढतात, त्यांना पत्ताही नसतो. पण एकदा दम आणि चक्कर सुरू झाली की फार वेळ राहत नाही. दोन-तीन वर्षांत बरेचसे जातात. काही त्याच्याही आधी, बोलता बोलता. बदलली तर मात्र तुमच्या वयाच्या बाकीच्या बायका जगतात तेवढं तुम्हीही जगाल. धोका आहे, नाही असं नाही. पण न करण्यात जास्त आहे."

"बसून राहिल्या तर? काहीच काम नाही केलं तर?" सुनेने विचारलं.

"बसून राहिल्याने झडप उघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या आजवर जपूनच आल्यात. हळू चालायचं, थांबायचं, आणि म्हातारपण म्हणायचं. सगळे तेच करतात."

मामीने मान खाली घातली. आपली चोरी या माणसाला कशी कळली, याची तिला लाज वाटली.

ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं, पैशाचा प्रश्न नव्हता. महिन्याभराने तारीख मिळाली. सोबत एक माणूस लागेल, रक्त द्यायला एक, आणि नंतर तीन-चार महिने जड उचलायचं नाही, एवढंच.

परतीच्या एस.टी.त सुनेने खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "आत्या, मी खोटं बोलणार नाही. मला तुम्हाला बरं करायचंय ते माझ्यासाठी."

मामीने तिच्याकडे पाहिलं.

"माझे हात बघा. रात्री कूस बदलता येत नाही. मामंजींचा हात बरा झाला की हे दुकानावर जातील आणि मी घणावर. मग मरेपर्यंत मीच. मला नको ते. तुम्ही बऱ्या झालात की घण तुमचा. म्हणून मी तुमच्याबरोबर राहीन, ऑपरेशनला, सगळ्याला. बोला."

गाडी एका खड्ड्यातून गेली आणि दोघी एकमेकींवर आदळल्या.

"बरं," मामी म्हणाली.

"नक्की?"

"बरं म्हटलं ना."

त्या घरात तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललेलं तिला आठवत नव्हतं. तिला सुनेचा राग आला नाही. थोडा हेवा वाटला. या वयात हिला स्वतःपुरतं बोलता येतं, आपल्याला आलं नाही.

घरी सांगितल्यावर लोहार हात मोडल्यापासून पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलला.

"या वयात छाती फाडून घ्यायची?"

"त्रास कमी होतो म्हणतात."

"माझा हात अजून सुटला नाही. दारात ढीग पडलाय. पाऊस पडू दे, विहिरींचं काम थांबू दे, मग बघू."

मुलगा म्हणाला, "आई, समजा टेबलावरच काही झालं. लोक मला नावं ठेवतील, चांगली चालती-बोलती आई नेऊन मारली म्हणून."

मुकादम ओट्यावरच होता. तो म्हणाला, "माझ्या आत्याला अशीच धाप होती. खाटेवर बसून बसून पार नातवंडांची लग्नं पाहिली तिने. डॉक्टर घाबरवतातच."

सगळे असे बोलत होते आणि मामी दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मला करायचंय."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. तिने काही मागितल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं, आणि मागायचं तर हे.

"कशाला?" लोहाराने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. "पोराचं लग्न झालं. सगळं झालं. आता आणखी कशाला जगायचंय तुला?"

मामीने विचार केला. सांगण्यासारखं तिला काही सापडेना. नातवंड अजून नव्हतं, कुठे जायचं नव्हतं, काही बघायचं राहिलं होतं असंही नव्हतं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मला करायचंय."

"माझा हात मोडलास, आता भट्टी मोड," लोहार म्हणाला आणि बाहेर गेला.

तारखेला दोघी सासू-सुना गाठोडी घेऊन निघाल्या. मुलगा दुसऱ्या दिवशी फटफटीवर आला, रक्त देऊन गेला. जाताना आईच्या पायाला हात लावला, डोळे पुसले, दुकान उघडं टाकून आलोय म्हणाला. लोहार आला नाही. मुलाच्या तोंडी निरोप होता, घर राखायला कुणीतरी पाहिजे.

कागदावर मामीने स्वतः अंगठा उठवला.

शुद्ध आली तेव्हा छातीवर ऐरण ठेवल्यासारखं वाटत होतं. खोकला आला की उशी छातीशी दाबून धरायची, नाहीतर आतून चिरल्यासारखं व्हायचं. नर्स उठवायच्या, चालवायच्या. सून व्हरांड्यात चटईवर झोपायची आणि भेटायच्या वेळेला येऊन मामीचे केस विंचरायची, फार न बोलता. पाठीला मलम चोळता चोळता एकदा म्हणाली, "तुमचं अंग हलकं झालं." मग स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहिला आणि तिने विषय बदलला.

एका सकाळी मामीला जिन्याने चढवलं. ती सवयीने पहिल्याच वळणावर थांबली आणि कठडा धरला. मग तिच्या लक्षात आलं, थांबायची गरज नाही. ती वर गेली. वर पोचल्यावरही श्वास शिल्लक होता. एवढा श्वास आपल्याकडे कधी काळी असायचा हे ती विसरून गेली होती. ती तिथेच उभी राहिली आणि नुसती श्वास घेत राहिली, आत, बाहेर, जसं कुणी तहान भागल्यावरही पाणी पितं. नर्सने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. तिला रडू येत होतं, पण छाती दुखेल म्हणून ती रडली नाही.

सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता दहा-पंधरा वर्षं ही झडप बदलायला नको. छातीचं हाड जुळलं की सगळी कामं करा."

"घण मारला तर चालेल?"

डॉक्टर हसले. "आजी, तुमच्या वयाच्या बायका कुठे घण मारतात?"

"मारतात," मामी म्हणाली.

ते थोडे ओशाळले. "वर्षभर तरी नको," ते म्हणाले. सून दारात चपला घालत होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

घरी आल्यावर लोहार "आलीस?" म्हणाला. त्याचं प्लास्टर निघालं होतं, दोन बोटं ताठ राहिली होती. मधल्या दिवसांत भट्टी बंद होती म्हणून मुकादम लांबच्या लोहाराकडे गेला होता, त्याच्या विनवण्या करून त्याला परत आणावं लागलं होतं. हे लोहाराने पाणी द्यायच्या आधी सांगितलं.

पाऊस आला, तोंड दाखवून गेला. विहिरी आणखी खाली गेल्या. मुलगा फाट्यावर, लोहार ऐरणीवर, सून घणावर, असे दिवस जायला लागले. मामी घरातलं बघायची, पंखा फिरवायची. तिच्या अंगात रोज थोडी थोडी ताकद येत होती आणि सुनेच्या अंगातून रोज थोडी थोडी जात होती. सुनेची हनुवटी टोकदार झाली, उजवा खांदा खाली उतरला. ती कधीकधी जेवायला बसलं की मामीच्या हाताकडे बघायची.

मामी हंडा घेऊन चढाच्या वाटेने यायला लागली. नळावरच्या बायका म्हणाल्या, मामी तर पोरीसारखी चालते. ते लोहाराच्या कानावर गेलं.

एका दुपारी मुकादम पहारी घेऊन बसला होता. लोहाराने लोखंड बाहेर काढलं. सून घण उचलायला वाकली.

"तू सर," तो म्हणाला. "हिला घेऊ दे. चांगली नळापर्यंत पळते ती."

सुनेने मामीकडे पाहिलं. वर्ष अजून व्हायचं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. सुनेने घणाचा दांडा मामीच्या बाजूला कलता केला. मामी पंख्यावरून उठली आणि तिने तो घेतला.

"हं."

पहिला घाव हलका गेला. दुसरा नीट बसला. मामी वाट बघत होती, आता छातीवर पोतं येईल, आता कवडसा फिरेल. काही आलं नाही. छातीच्या हाडाची जागा थोडी ओढली, तेवढंच. लोहाराची हातोडी पुढे सरकत गेली, तिचा घण तिच्यामागे, आणि पहारीला टोक आलं. एकदाही थांबावं लागलं नाही. तिला मनातून वाटून गेलं, थांबावं लागलं असतं तर बरं झालं असतं.

लोहाराने टोक पाण्यात बुडवलं. वाफ उठली. तो मुकादमाला म्हणाला, "बघितलंत? हिला काही झालं नव्हतं. उगाच चिरून आणली."

मुकादम हसला.

मामीने घण ऐरणीला टेकून उभा केला. दाराशी उंबऱ्यावर सून बसली होती, हातांवरच्या चिंध्या सोडत होती. मामी जाऊन तिच्याशेजारी बसली.

लोहाराने दुसरी पहार बाहेर काढली. पिवळीजर्द तापलेली. ऐरणीवर ठेवली.

"हं," तो म्हणाला.

कुणी उठलं नाही.

"आत्या," सून हळूच म्हणाली, "तुम्ही बरं म्हणाला होतात."

"म्हटलं होतं."

"मग?"

"जरा बस," मामी म्हणाली. "श्वास घे."

लोखंड पिवळ्याचं लाल झालं, लालाचं काळं व्हायला लागलं. लोहार सांडशी धरून तसाच उभा होता, ताठ राहिलेली दोन बोटं सांडशीबाहेर. मुकादमाने खोकून पाहिलं, मग त्यानेही नजर दुसरीकडे वळवली. लोहाराने पहार परत कोळशात खुपसली आणि वाकून स्वतःच पंख्याचं चाक फिरवलं. ठिणग्या उडाल्या. त्याने पुन्हा ती बाहेर काढली, ऐरणीवर ठेवली. या वेळी तो "हं" म्हणाला नाही. दोघींकडे बघत राहिला. पहार पुन्हा गार झाली.

त्याने ती तिसऱ्यांदा कोळशात घातली.

उंबऱ्यावर दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. सुनेचा श्वास भराभर चालला होता, मामीचा संथ. पंख्याचं चाक करकरत होतं. लोखंड पुन्हा बाहेर येईल तेव्हा दोघींपैकी एक उठणार, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं. कोण, एवढंच ठरायचं होतं.